माडीवरचा सडा

आमच्या गल्लीत माझी ख्याती एक अतिशय अभ्यासू मुलगा म्हणून आहे. ती पसरवण्याचे श्रेय आमच्या घरमालकीणबाई अज्जींना. माझ्या माडीवरच्या खोलीत सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत दिवा जळत असतो, मी कॉलेजात असलो तरी जळत असतो, आणि अज्जी समोरच्या घरातील मुलाला रोज तो दिवा दाखवून बोल लावतात. पहिली दोन वर्षे त्या मुलाला काय काय ऐकून घ्यावे लागले असेल याची कल्पना करवत नाही. या लेखाच्या निमित्ताने त्याची जाहीर क्षमा मागतो. तो दिवा माझ्यासाठी नव्हताच. तो होता एका जुन्या पुस्तकांच्या फडताळात ठेवलेल्या नऊ कुंड्यांसाठी, आणि त्या कुंड्यांत जी झाडे आहेत त्यांपैकी सर्वांत उंच झाड माझ्या करंगळीएवढे आहे.

वाचकहो, त्या झाडाचे नाव दवबिंदू. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते ‘ड्रॉसेरा’ म्हणून ठाऊक असते. अकरावीच्या पुस्तकात घटपर्णीच्या शेजारी त्याचे एक चित्र असते, परीक्षेला ‘कीटकभक्षी वनस्पतींची दोन उदाहरणे द्या’ असा प्रश्न येतो, आपण दोन उदाहरणे देतो आणि पुढे जातो. मीही तसाच पुढे गेलो होतो.

आजोळ माझे पेडणे तालुक्यात. 2022 च्या चतुर्थीला आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, तवशी, नीरफणस आणि रानातून आणलेली नाना फळे-फुले टांगतात. रानातले आणण्याचे काम मामाचे. आदल्या दिवशी त्याच्याबरोबर मी घरामागच्या सड्यावर गेलो. बेळगावकरांना सडा म्हटले की अंगणात शिंपलेले शेणपाणी आठवते. कोकणात आणि गोव्यात सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. उन्हाळ्यात तिथे चप्पल घालूनही पाय भाजतात. पावसाळ्यात त्याच कातळावर बोटभर माती, त्यावर बोटभर पाणी आणि त्यात लहान लहान फुलांचा असा काही गालिचा पसरतो की पाय कुठे ठेवावा कळत नाही. पांढरे गोल गेंद, सीतेच्या आसवांची जांभळी चादर. मामा कळलावीच्या वेलाला हात घालत होता आणि मी घसरून पडलो. पडलो तो नाकासमोर ते झाड.

गवतासारखी बारीक, लांब, लालसर पाने; पानांवर केस; प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. पाऊस थांबलेला होता, वारा होता, आजूबाजूच्या गवतावरचे पाणी गळून गेले होते. या झाडाचे थेंब मात्र जागच्या जागी. एका पानावर एक चिलट अडकले होते, त्याचा एक पाय अजून हलत होता. मी मामाला हाक मारली. मामा आला, वाकला, म्हणाला, “तण रे ते. ऊठ, कपडे भिजले तुझे.” त्याचे चुकले नाही. ज्या झाडाला गुरे तोंड लावत नाहीत, जे माटोळीला लागत नाही आणि औषधालाही कोणी मागत नाही, त्याला शेतकऱ्याने आणखी काय म्हणावे?

मी ती सात झाडे मातीसकट उचलली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून, म्हापसा, डिचोली, साखळी करीत, चोर्ला घाटातून, मांडीवर डबा घेऊन बेळगावला आणली. मामाने प्रेमाने एक पिशवी कुजलेले शेणखत बरोबर दिले होते. मी सुंदर कुंडी आणली, खत-माती घातली, बोअरचे पाणी रोज दोन वेळा दिले, खिडकीत ठेवले. चौथ्या दिवशी थेंब नाहीसे झाले. नवव्या दिवशी सातही झाडे काळी पडून मेली.

हे मी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना सांगितले. त्या हसतील असे वाटले होते, पण त्या चांगल्याच रागावल्या. “सात झाडे उपटलीस? एकसुद्धा कशाला उपटायचे?” मग थोड्या शांत झाल्यावर म्हणाल्या, “तू त्यांना उपाशी नाही मारलेस. जेवू घालून मारलेस.”

त्यांनी समजावून सांगितले ते असे. जांभ्यावरची माती म्हणजे नुसता आधार. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो; तो मातीतला नत्र आणि क्षार धुऊन नेतो. जिथे खायला काही उरत नाही तिथे इतर झाडे जगत नाहीत, म्हणून तिथे स्पर्धाही नाही. दवबिंदूने तीच जागा धरली. मुळे कामापुरती ठेवली, पाणी ओढण्यापुरती, आणि नत्रासाठी पानांनाच शिकारीला लावले. थेंब दिसतो दवासारखा, पण असतो डिंकासारखा चिकट. किडा अडकला की केस त्याच्यावर वळतात, पाचक रस सुटतो, आणि काही दिवसांनी उरते ते किड्याचे रिकामे कवच. अशा झाडाला शेणखत घालणे आणि क्षारांनी भरलेले बोअरचे पाणी देणे म्हणजे त्याच्या मुळांना विष पाजण्यासारखेच.

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. यापुढे झाड आणायचे नाही, बी आणायचे, तेही मोजके. आणि डार्विनचे पुस्तक वाचायचे. डार्विन म्हटले की आपल्याला माकडे आठवतात. या माणसाने 1860 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातल्या माळावर दवबिंदू पाहिला आणि पंधरा वर्षे त्याचा पिच्छा सोडला नाही. 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर त्याचे पुस्तक निघाले. त्याने पानांना काय काय खायला घातले याची यादी वाचताना हसू येते. मांसाचा रस, अंड्याचा बलक वगळून पांढरा भाग, दूध, लाळ; या सगळ्यांना केस वळले. साखरेचे पाणी, पिष्ठ, डिंक, ऑलिव्हचे तेल, चहा, यांना ढिम्म. म्हणजे ज्यात नत्र आहे ते झाडाला कळते, आणि ज्यात नाही तेही कळते! माणसाच्या केसाचा मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहून हलका तुकडा ठेवला तरी केस वाकला, आणि पाण्याचे थेंब कितीही पाडले तरी वाकला नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात ज्याला उभे राहायचे आहे त्याने प्रत्येक थेंबाला दचकून कसे चालेल?

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेलो. सडा ओळखू येईना. सगळे पिवळे, कुरकुरीत. दवबिंदू वर्षायू आहे. पाऊस संपला, बी धरले, की त्याचे आयुष्य संपले. वाळलेल्या काड्यांना बोंडे होती. चार बोंडे कागदावर झटकली. बी म्हणजे काळी धूळ. शिंक आली असती तर संपले होते. परतताना डिचोलीला मावशीकडे एक दिवस राहिलो. तिच्या घरामागच्या सड्याच्या ओलसर कडेला दुसरी जात सापडली. गवती दवबिंदू उभा वाढतो; ही जमिनीला चिकटून, रुपयाच्या नाण्याएवढी गोल. ड्रॉसेरा बर्मानी. हिचे कडेचे केस काही सेकंदांत वळतात, हे मी मावशीच्या अंगणातली मुंगी नेऊन स्वतः पाहिले. त्या मुंगीचे वाईट वाटले, नाही असे नाही.

डिचोलीबद्दल एक सांगितले पाहिजे. लहानपणी घाट उतरून साखळी आली की आई खिडकीच्या काचा लावून घ्यायला सांगे. खनिजाच्या टिपरांच्या रांगा, रस्ता लाल, झाडे लाल, मावशीच्या दोरीवरचे कपडे लाल. लोहखनिज जांभ्याच्या खालीच. म्हणून खाण म्हणजे आधी सडा उचलणे. 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. मावशीच्या गावाबाहेर उपसलेल्या मातीचे डोंगर आहेत, त्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली आहे. लांबून हिरवेगार दिसते. मी त्या डोंगरावर तासभर वाकून हिंडलो. बाभळीच्या वाळलेल्या पानांखाली काहीच नव्हते. मावशीच्या यजमानांचा मात्र एक टिपर होता, आणि खाणी थांबल्यावर त्याचे हप्ते कसे फेडले ते तिने त्या रात्री सांगितले. तेव्हा खाणींविषयी ठसक्यात बोलायला माझी जीभ थोडी अडखळते.

असो. फडताळाकडे येतो.

घरात लावण्याचे कारण सरळ आहे. अज्जींच्या घराला गच्ची नाही, आणि माझी खिडकी उत्तरेची. सड्यावर भर दुपारी जो प्रकाश असतो तो लाखभर लक्स. दिवा लावलेल्या खोलीत काही शेच असतो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, डोळे फार लबाड आहेत. झाडाला लगेच जाणवतो. पहिली रोपे मी टेबलावरच्या दिव्याखाली ठेवली. ती हिरवी, लांबुडकी, लुळी झाली आणि एकावरही थेंब धरेना. मग 20 वॅटच्या दोन एलईडी नळ्या आणल्या, पांढऱ्या, साध्या, कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या. त्या फडताळाच्या वरच्या फळीला ठोकल्या आणि कुंड्या विटांवर चढवीत नळ्यांपासून वीतभर अंतरावर आणल्या. दहा दिवसांत नव्या पानांवर लाली आली, आणि लालीच्या मागोमाग थेंब. ती सकाळ मी विसरणार नाही. माझी त्या दिवशी भौतिकशास्त्राची चाचणी होती, ती मात्र विसरलो.

माती म्हणून धुतलेली नदीची वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, निम्मा निम्मा. भुशातही क्षार असतात; तो सहा वेळा पाणी बदलून धुतला. बी वर नुसते भुरभुरायचे, मातीखाली गाडायचे नाही, कारण त्याला रुजायलाही उजेड लागतो. कुंड्या पाण्याच्या ताटलीत उभ्या ठेवायच्या, सडाच समजून. पाणी पावसाचे. पावसाचे संपले की इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एकदा विचारले, “तुमच्याकडे इन्व्हर्टर तरी किती आहेत?” पहिले रोप अठराव्या दिवशी दिसले, म्हणजे भिंगातून दिसले.

आता वादाचा विषय. अज्जी कडक शाकाहारी. भाड्याने खोली देताना त्यांची एकच अट होती: घरात मासळी-मटण येता कामा नये. आणि बंद खोलीत, जाळी लावलेल्या खिडकीआड, माझ्या झाडांना किडे मिळणार कुठून? उपाशी झाड मरत नाही, पण वाढतही नाही. मी आजोळहून येताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला गालमो, म्हणजे आपला जवळा, मूठभर आणला. धुऊन, वाळवून, कुटून औषधाच्या बाटलीत भरला. रोज रात्री दार लावून सुईच्या टोकाने एकेका पानावर एकेक कण ठेवीत असे. झाडे झपाट्याने वाढू लागली. मी स्वतः त्या घरात दोन वर्षांत मासा खाल्ला नाही, पण माझ्या फडताळात रोज मासळीची पंगत उठत होती.

वास लपत नाही. एका रविवारी अज्जी जिना चढून आल्या. दारातच नाकाला पदर. मी खोटे बोललो असतो, पण बाटली टेबलावर उघडीच होती. सगळे सांगितले, निम्मे मराठीत, निम्मे माझ्या मोडक्या कन्नडमध्ये. त्या काही न बोलता फडताळापाशी गेल्या, चष्मा पुसला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. “इदु जीवा तिंतैती?” हे जीव खाते? मी मान हलवली. पुन्हा बराच वेळ. मग त्यांनी निकाल दिला. आपण होऊन जे त्याच्याकडे जाईल ते त्याने खावे, तो त्याचा धर्म. पण मी आणून भरवायचे नाही. ती बाटली त्यांनी मला त्याच पावली गल्लीच्या टोकाशी टाकायला लावली. आणि खोली सोडायला सांगणार की काय या धास्तीत मी उभा असताना विचारले, “तम्मा, लाइट बिल यार कोडतार?”

हिशेब मांडून दाखवला. 40 वॅट, रोज 14 तास, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटाहून थोडे जास्त. महिन्याला जवळजवळ 17 युनिट. ते पैसे मी भाड्याबरोबर देतो. आणि भरवण्याचे? डार्विनच्या यादीत दूध आहे. अज्जींच्या म्हशीच्या दुधाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पानावर ठेवला, तर तासाभरात केस त्याच्यावर वळलेले! अज्जींना दाखवले. त्या दिवसापासून दूध त्याच देतात, अगदी चमचाभर, वाटीत. अर्थात दुधाने बुरशी फार धरते, गालमोची सर त्याला नाही, हे इथे शास्त्राला स्मरून नमूद करतो. खिडकीची जाळीही मी काढली आहे.

ते सगळे सुरळीत लागले तो 2023 चा उन्हाळा होता. गवती दवबिंदूला पहिले गुलाबी फूल आले. सकाळी उमलले, दुपारी मिटले. त्याच आठवड्यात आई आजोळी गेली होती ती सही करून परत आली.

मोप्याच्या पठारावरच्या विमानतळावरून 2023 च्या जानेवारीत विमाने उडू लागली आणि पेडणे तालुक्यात जमिनीच्या गोष्टी निघाल्याशिवाय जेवण होईना. आमचा सडा विमानतळापासून दूर, पण भाव तिथवरही पोचला. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा असतो. तेव्हा आईच्या, मावशीच्या आणि त्यांच्या यजमानांच्याही सहीशिवाय मामा एकटा काही विकू शकत नव्हता. सड्याचा निम्मा भाग गेला. मामाच्या बाजूने बोलायचे तर त्या कातळावर भात पिकत नव्हते, काजूही धड येत नव्हता. आणि आजीच्या औषधपाण्याचे, मुलीच्या लग्नाचे त्याच्यापुढे होते. आईने मला फोनवर विचारले होते, “करू ना सही?” मी कुंडीतल्या कळीकडे पाहत होतो. “कर,” म्हणालो. आणखी काय म्हणणार? या वर्षीची माझी फी त्याच पैशांतून भरली आहे. बाईंना हे मी अद्याप सांगितलेले नाही. आता अंकात वाचतील.

विकत घेणाऱ्याने तिथे चिरेखाण काढली. आमची माती काढून टाकून खालचा जांभा यंत्राने चौकोनी कापतात. या दगडाला 1807 साली बुकानन नावाच्या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टराने मलबारात तो पाहून ‘लॅटेराइट’ नाव दिले, लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. कापलेल्या सड्याच्या कडेला उभे राहिले की त्या नावाची ओळख पटते. मी जिथे पडलो होतो तिथे आता दोन पुरुष खोल चौकोनी तळे आहे.

फडताळातल्या झाडांची ही तिसरी पिढी. लोक म्हणतात, वाचवलेस की! मला तसे वाटत नाही. चार बोंडांतून निघालेली ही भावंडे, त्यांची मुले आणि नातवंडे. सड्यावर हजारो होती, आणि त्यांच्याबरोबर गेंद होते, सीतेची आसवे होती, चिलटे होती. नऊ कुंड्यांत मी फक्त एक गवत ठेवले आहे, आणि तेही दोन नळ्यांच्या कृपेवर. गेल्या मे महिन्यात वादळात दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा थेंब आटले होते. बी परत सड्यावर टाकावे का, असे बाईंना विचारले. शेजाऱ्यांचा निम्मा सडा शाबूत आहे, तिथे दवबिंदू आहेतच, त्यांच्यात तुझी फडताळातली नकोत, असे त्यांचे मत. उरलेला निम्मा उभा राहावा म्हणून काही करता आले तर ते कर, म्हणाल्या. ते बी पेरण्यापेक्षा फार अवघड आहे.

गेल्या चतुर्थीला एक कुंडी आजीला दाखवायला नेली. तिने ती डोळ्यांजवळ धरली. “कितें रे, तांकां मुयो खावपाक घालता?” मी म्हणालो, नाही, दूध. आजी हसून हसून खोकली. नव्वदीच्या घरातली बाई, आयुष्यभर त्या सड्यावर गुरे चारली, आणि हे झाड तिने पहिल्यांदा पाहिले. सुट्टीच्या त्या आठ दिवसांत फडताळ अज्जींकडे होते. परत आल्यावर कळले की त्यांनी दिवा रोज संध्याकाळी सहालाच बंद केला, कारण तिन्हीसांजेनंतर झाडाला जागे ठेवू नये. झाडांचे काही बिघडलेले नव्हते.

परवा मामाचा फोटो आला मोबाइलवर. चिरेखाणीची कड, ओली माती, शेजारी मापासाठी ठेवलेली त्याची चप्पल, आणि कोपऱ्यात काही लाल ठिपके. खाली लिहिले होते, “तुझे ते तण हेच ना? पुन्हा आले बघ.” मी फोटो मोठा करून पाहिला, बाईंनाही दाखवला. ते दवबिंदू नाहीत. लाल देठाचे दुसरेच काहीतरी आहे. मामाला अजून उत्तर दिलेले नाही.